दगड बघायला पाहुणे

परिषद म्हणजे काय प्रकार असतो, हे जानकीला आधी कुणी सांगितलं असतं, तर नव्या साडीला फॉल लावून घ्यायचा खटाटोप तिने मुळीच केला नसता. अंधेरीच्या त्या कॉलेजच्या फाटकावर भलामोठा कापडी फलक होता, मध्ययुगीन इतिहास परिषदेचा. आत मांडव, मांडवात टेबलं, टेबलांमागे बिल्ले वाटणारी मुलं-मुली. देशभरातून माणसं आली होती. दिल्लीची, कलकत्त्याची, अलीगढची, धारवाडची. सगळे एकमेकांना ओळखत होते आणि जानकीला कुणीच ओळखत नव्हतं.

"मॅडम, कॉलेज कुठलं?" टेबलामागच्या मुलीने विचारलं.

"कॉलेज नाही, शाळा. दहिसरची. मी निबंध वाचणार आहे."

मुलीने तिच्याकडे असं बघितलं की जणू जानकी चुकून दुसऱ्याच्या लग्नात जेवायला आली होती. मग तिने एक पिवळा बिल्ला काढून दिला. प्राध्यापकांचे बिल्ले निळे होते. पिवळ्यावर लिहिलं होतं, 'निरीक्षक'.

"अगं, मी निरीक्षण करायला नाही आले, बोलायला आलेय!"

"मॅडम, निळे संपले ना!"

झालं. सुरुवातच अशी. जानकीने तो पिवळा बिल्ला पदराखाली जाईल असा टोचला आणि मनातल्या मनात त्या मुलीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

आता ही जानकी तावडे कोण, आणि शाळेतली बाई असून ती या विद्वानांच्या मेळ्यात काय करत होती, ते सांगायला हवं. दहिसरला नदीच्या काठी बैठ्या चाळी आहेत, तिथे ती राहायची. नवरा दशरथ साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लेथवर. सासरे नाना मालवणकडचे. जन्मभर गिरणीत साचे चालवले, ब्याऐंशीच्या संपात घरी बसले ते बसलेच. गिरणीच्या हजेरीवरून नाव कटलं, फंडाचे पैसे आले नि गेले, आणि नानांना उरलं काय, तर दारातली एक खुर्ची. सकाळी त्या खुर्चीत बसायचे ते दुपारी जेवायला उठायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावर खेकसायचे. जानकी शाळेतून आली की म्हणायचे, "इलंस? माका वाटला शाळेतच ऱ्हवतलंस." दुसरा विषय नाही.

जानकी शाळेत इतिहास शिकवायची. पाठ्यपुस्तकात सगळ्या जगाचा इतिहास होता, फक्त दहिसरचा नव्हता. सातवीतली रतन नावाची एक चुणचुणीत मुलगी दर वर्षी नव्याने जन्म घेत असावी, कारण दर वर्षी कुणीतरी विचारायचंच, "बाई, आपल्या इथे कोण लढलं होतं?" आणि जानकी म्हणायची, "पुढचं पान काढा." हे उत्तर देताना तिला स्वतःचीच चीड यायची.

मग तो दगड सापडला. सापडला म्हणजे होताच. नदीच्या उतारावर, अर्धा मातीत गाडलेला. चाळीतल्या बायका वर्षानुवर्षं त्याच्यावर कपडे आपटत होत्या. एक दिवस शेजारची शकु गोधडी धूत असताना त्याच्यावरचं शेवाळ निघालं आणि जानकीला खाली घोड्याचा पाय दिसला. कोरलेला. तिने बादली खाली ठेवली आणि तिथेच उकिडवी बसून हाताने माती काढायला लागली. घोडा, घोड्यावर माणूस, हातात तलवार. तो वीरगळ होता. जुन्या काळी लढाईत कुणी मेलं की त्याच्या आठवणीसाठी गावाने उभा केलेला दगड.

"शकु, आजपासून याच्यावर कपडे आपटायचे नाहीत! शेकडो वर्षांपूर्वी इथे कुणीतरी जीव दिलाय!"

"मग धुणं काय तुमच्या डोक्यावर आपटू, बाई?" शकु म्हणाली. पण गोधडी उचलली तिने.

तो दगड उकरून काढायला कोण आलं असेल, तर नाना. खुर्ची सोडून आले. कुणी बोलावलं नव्हतं. धोतर खोचून, पहार घेऊन उतारावर बसले आणि सुट्टीच्या दिवसांत दोघांनी मिळून तो पुरा मोकळा केला. सर्वांत खाली, मातीला टेकून, अक्षरं निघाली. तीन ओळी. पहिल्या ओळीत सालाचा आकडा होता, तो जानकीने लावला. तिसरी झिजून गेलेली. दुसऱ्या ओळीत नाव होतं, त्याचं शेपूट तेवढं तिला वाचता आलं: 'नायक'. कोण नायक? त्याच्या आधीची तीन-चार अक्षरं चुन्याच्या थराखाली अशी काही घट्ट धरून बसली होती की तिने भिंग लावलं, टिपकागद ओला करून दाबला, दशरथच्या शेठचा कॅमेरा मागून आणून फोटो काढले, पण काही उपयोग नाही. फोटोत खालचा भाग काळपटच आला.

जानकीला बाकी काही नको होतं. पदवी नको, पेपरात फोटो नको. तिला त्या माणसाचं नाव हवं होतं. फळ्यावर लिहायचं होतं आणि मुलांना सांगायचं होतं, बघा, हा इथे लढला, आपल्या नदीवर, याचं नाव अमुक. बस.

नानांचं मात्र निराळंच सुरू झालं. त्यांनी दगडापुढे रोज संध्याकाळी पणती लावायला सुरुवात केली.

"नाना, तो देव नाहीये. माणूस आहे."

"अगो, मरान इतकी वर्सा झाली, अजून माणूसच ऱ्हवतलो काय?"

निदान शेंदूर फासू नका, एवढं तिने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. अक्षरं बुजतात म्हणून. नानांनी मान हलवली होती.

तर असा तो दगड घेऊन, म्हणजे त्याच्यावरचा निबंध घेऊन, ती परिषदेला आली होती. निबंध स्वीकारला होता हो त्यांनी! पण वाचायला दिला पहिल्या दिवशी जेवणानंतर, मागच्या इमारतीतल्या एका खोलीत, जिथे पंखा नुसता आवाज करत होता. तिच्या आधीचे गृहस्थ सरंजामशाहीवर बोलत होते. भारतात सरंजामशाही होती की नव्हती, यावर त्यांचं आणि समोरच्या दोघांचं असं काही जुंपलं की तिघेही उभे राहिले. अध्यक्ष कौतुकाने ऐकत बसलेले. जानकी हातात कागद धरून ताटकळत उभी. त्यांचं भांडण संपलं तेव्हा तिची वेळही संपली होती.

"मॅडम, दोन मिनिटांत सारांश सांगा. आणि इंग्रजीत, प्लीज."

निबंध मराठीत होता. रात्र-रात्र जागून लिहिलेला. तिने कसंबसं इंग्रजी जुळवलं, घोडा, तलवार, दहिसर, नदी, आणि फोटो दाखवायला यंत्राकडे वळली, तर यंत्राचा दिवा गेलेला. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "चहा इथेच येणार आहे का?"

अध्यक्ष शेवटी म्हणाले, "असे वीरगळ कोकणपट्टीत चिकार आहेत. यात नवीन काय?"

"याचं नाव कळलेलं नाहीये," जानकी म्हणाली.

"बऱ्याच जणांची कळलेली नाहीत," अध्यक्ष म्हणाले, आणि चार जण हसले.

त्या दिवशी ती घरी आली ती तडक मोरीत जाऊन तोंड धुवायला. रडली असेल तर ते कुणाला दिसलं नाही. नाना खुर्चीतून म्हणाले, "काय म्हणतत तुझे मोठे लोक?" ती म्हणाली, "काही नाही. जेवायला श्रीखंड होतं."

दुसऱ्या दिवशी जायचंच नाही असं तिने ठरवलं होतं. गेली ती एकाच माणसासाठी. परिषदेत नागपूरचे प्राध्यापक हिवरेकर आले होते. जुने शिलालेख वाचण्यात त्यांचा हातखंडा; दगडावर ओला कागद ठोकून, शाईचा बोळा फिरवून ते असा ठसा उतरवतात की मिटलेलं अक्षर उठून दिसतं, असं तिने ऐकलं होतं. पण त्यांना गाठायचं कसं? सकाळी ते व्यासपीठावर. मग दारात त्यांच्याभोवती दहा जणांचं कोंडाळं. मग ते गायब. जानकी या खोलीतून त्या खोलीत हिंडत राहिली. एका खोलीत शिरली, तर आतल्या सगळ्यांनी वळून तिच्या बिल्ल्याकडे पाहिलं. असली चीड आली तिला, की बिल्ला काढून पर्समध्ये टाकला.

शेवटी सापडले ते जेवणाच्या रांगेत. वाकलेले, ठेंगणे गृहस्थ, गळ्यात मफलर, ताटात जिलब्यांची चळत.

"सर, एक मिनिट. माझ्याकडे एक दगड आहे."

"सगळ्यांकडेच आहे, बाई," हिवरेकर म्हणाले. पण ताट एका हातावर तोलत त्यांनी फोटो घेतला. खिशातून भिंग काढलं. जिलबी खायची थांबली. "हं... पहिलं अक्षर 'सो' असावं. किंवा 'से'. फोटोवरून बोललो तर माझीच फजिती व्हायची. दगड बघायला हवा. कुठे आहे?"

"दहिसर. रिक्षाने जाता येईल."

"उद्या दुपारी सगळ्यांना होडीतून गोराईला नेणार आहेत. मला होडीत मळमळतं," हिवरेकर म्हणाले. "मी तुमच्याकडे येतो. कागद, बोळा सगळं आहे माझ्याजवळ. तासाभरात नाव काढून देतो तुम्हाला."

बाई उडतच घरी आली! दारातूनच ओरडली, "नाना, उद्या मोठे प्राध्यापक येतायत! नागपूरचे! आपला दगड बघायला!"

नाना खुर्चीत ताठ झाले. "आपल्याकडे? देवाक बघूक?"

"हो, नाना, हो!"

"कितीक जण? खय बसतले?"

"एकच. बसायचं काय त्यात, दगड बघतील नि चहा घेतील."

पहाटे ती पाणी भरायला उठली तेव्हा नाना दाढी करून बसले होते. आणि ती निघाली तेव्हा शकुच्या दारात घमेलं मागत उभे होते. मोरीचा काठ गेले कित्येक महिने फुटलेला होता. त्याचा मुहूर्त लागला शेवटी, असं तिला वाटलं आणि बरंही वाटलं.

तिसरा दिवस नुसता छळ होता. समारोप अकराला संपायचा, तो लांबला. आभार मानायला एक जण उठला, त्याने बागेतल्या माळ्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानले. मग कुणीतरी राहिलं म्हणून दुसरा उठला. मग सामुदायिक फोटो. उंच माणसं मागे, बुटकी पुढे, एक जण सारखा बाथरूमला. हिवरेकरांचा हात धरून ओढून न्यावं असं जानकीला वाटत होतं. मग जेवण. हिवरेकर चवीने खाणारे. मग त्यांची पिशवी हरवली, ती कुणाच्या तरी खोलीत सापडली. रिक्षा मिळेपर्यंत दुपार कलली.

हायवेने जाताना मात्र त्यांनी तिला विचारून विचारून सगळं ऐकून घेतलं. घोडा, तलवार, वरच्या चौकटीतल्या अप्सरा, खालच्या ओळी. दोन मिनिटांत सारांश नाही. मराठीत. जानकी इतकी खूश झाली की रिक्षावाल्याला वळण सांगायचं विसरली.

चाळीच्या तोंडाशीच तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. रांगोळी घातलेली. आंब्याची डहाळी बांधलेली. शकु नवं पातळ नेसून उभी, हातात आरतीचं तबक. आणि सगळी चाळ उतारावर जमलेली.

"बाई, इकडून या, इकडून!" शकु म्हणाली. "सकाळपासून राबतोय आम्ही. झकास केलंय!"

जानकी गर्दीतून वाट काढत पुढे गेली.

दगड नखशिखांत शेंदूर. तेलात कालवलेला, जाड, ओला, चमकणारा. घोडा गेला, तलवार गेली, अप्सरांच्या जागी दोन टेंगळं. कपाळ असावं अशा ठिकाणी चांदीचे डोळे बसवलेले. आणि खाली चौथरा. सिमेंटचा, घोटून गुळगुळीत केलेला, कडेने फुटक्या लाद्यांचे तुकडे नक्षी करून बसवलेले. चौथरा दगडाला गुडघाभर वर चढला होता. जिथे तीन ओळी होत्या, तिथे आता लादीचं लाल फूल होतं.

"नाना!"

नाना चौथऱ्याच्या बाजूला उभे होते. धुवट धोतर, गिरणीत पगाराच्या दिवशी घालायचे तो पांढरा शर्ट, डोक्याला टोपी. हात सिमेंटने फुटलेले, नखांत शेंदूर.

"मोठी माणसा येतली म्हणान सांगलंस मा?" ते म्हणाले. "देवाक काय असो मातयेत उघडो ठेवचो? लोक काय म्हणतले? म्हणतले, तावड्यांक देवाची कदर नाय. मी एकट्यान बांधलंय. कोणाक हात लावूक देवक नाय."

"नाना, तुम्ही मला कबूल केलं होतंत! शेंदूर नाही म्हणून!"

"ता घरच्या दिसाक गो. आज पावणे."

जानकीच्या अंगाची नुसती लाही झाली. तीन दिवस त्या मांडवात अपमान गिळला, पिवळा बिल्ला, चहा कुठे येणार, नवीन काय, सगळं सगळं या एका तासासाठी. आणि हा तास तिच्याच सासऱ्याने घोटून गुळगुळीत करून ठेवला होता. तिला मोठ्यांदा ओरडावंसं वाटलं. अहो, त्याचं नाव होतं तिथे! पण खरा राग कुणाचा करायचा? कपडे आपटायचा तो दगड होता तोवर अक्षरं जागेवर होती. याला मान द्या, असं चाळीला सांगितलं कुणी? तिनेच.

हिवरेकर वाकून चौथरा बघत होते. त्यांनी कडेला बोट टेकवलं, बोट किंचित रुतलं. ते उठून तिच्या कानाशी आले.

"बाई, सिमेंट अजून ओलं आहे. आत्ता उकरलं तर अक्षरं हाती लागतील. उद्या घट्ट बसलं की मग छिन्नी लावावी लागेल, आणि छिन्नीबरोबर अक्षरंही जातील. तुम्ही म्हणत असाल तर मी बोलतो त्यांच्याशी. मी परका माणूस आहे, माझं वाईट वाटणार नाही त्यांना."

म्हणजे अजून वेळ होता. जानकीने नानांकडे पाहिलं. ते शकुला सांगत होते, फुलं उजवीकडे ठेव, उजवीकडे. पाठ ताठ. आवाज खणखणीत. बाजूचा एक म्हातारा त्यांना म्हणत होता, "नानानू, काम एक नंबर हां!" आणि नाना हसत होते. संपानंतर तिने त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. हे हात पुन्हा त्याच चौथऱ्यावर घालून, सगळ्या चाळीसमोर, पाहुण्यासमोर, त्यांनाच तो फोडायला सांगायचा?

सांगायचा. का नाही सांगायचा? तिने तोंड उघडलं.

"नाना, ऐका जरा..."

"थांब गो. आधी गाऱ्हाणा."

नानांनी नारळ उचलला. मालवणकडे कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय पुरं होत नाही. कुणीतरी वडीलधाऱ्याने देवासमोर उभं राहून मोठ्याने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला हुंकार भरायचा. मधे कुणी बोलत नाही. हिवरेकरांनी चपला काढल्या आणि मफलर खाली घेतला.

"बा देवा म्हाराजा!" नानांनी आवाज लावला.

"व्हय म्हाराजा!" चाळ म्हणाली.

"आज जी काय वेडीवाकडी सेवा केली हा, ती मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझा नाव आमका ठावूक नाय रे म्हाराजा. पण जो कोण असशीत तो, तू ह्या जाग्याचो राखणदार!"

"व्हय म्हाराजा!"

जानकीची नजर लादीच्या त्या लाल फुलावर गेली. सो. किंवा से. हातभर अंतरावर, ओल्या सिमेंटच्या आत. नानांनी डोळे मिटले होते.

"माझ्या सुनेन तुका मातयेसून भायर काढल्यान रे म्हाराजा. मी घराक बसलेलो माणूस, माका तिणा तुझ्या चाकरीक लावल्यान. तिच्या मनात जा काय आसात, ता पुरा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खी चाळ गरजली. शकु म्हणाली, पोरं म्हणाली, नागपूरचे हिवरेकरही हात जोडून म्हणाले आणि म्हणता म्हणता त्यांनी जानकीकडे पाहिलं. विचारत होते ते. अजून ओलं आहे, सांगू का?

नाना थांबले होते. एक आवाज कमी पडला होता आणि तो कुणाचा, हे त्यांना डोळे न उघडताही कळलं होतं.

जानकीने हिवरेकरांकडे बघून मान हलवली, नको म्हणून. मग दातओठ खात, डोळ्यांतलं पाणी न पुसता, तिने हात जोडले.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली, आणि नानांनी नारळ फोडला.